पाणभुताच्या तिकिटावर माझी सही

इंग्लंडहून परत आल्यापासून चिपळुणात भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतो, राणीचा राजवाडा पाहिला का? पाहिला. बसच्या वरच्या मजल्यावरून, पुढच्या बाईच्या टोपीच्या कडेने, साधारण अर्धा मिनिट. मोठं घड्याळ पाहिलं, नदी पाहिली, नदीवरचे पूलही पाहिले. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते सगळं माझ्याहून सावकाशीने पाहिलेलं आहे. माझे सहा आठवडे मला आठवतात ते बुटांच्या एका खोक्यामुळे आणि त्या खोक्यातल्या भुतांमुळे. मी लिहिणार आहे ते त्यांच्याबद्दल.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली. खिडकीवर तिकिटं विकली, थैल्या फोडल्या, पत्रांवर ठप्पे मारले आणि शेवटी एका लहानशा पोस्टाची पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. २००७च्या मे महिन्यात लेकीने विमानाचं तिकीट पाठवलं. सायली साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. ह्यांनी विमानात बसायला साफ नकार दिला. "आंबे कोण उतरवणार?" हे सांगायचं कारण, खरं कारण भीती. तेव्हा मेतकूट, कोकम आणि एक कोरी डायरी घेऊन मी एकटीच निघाले.

स्टॅनमोर

पहिले चार दिवस मावसबहीण कुंदाकडे होते. तिचे यजमान सकाळी सातला टाय लावून ट्यूब रेल्वेने लंडनात जातात ते संध्याकाळी सातला उगवतात. घरासमोर गवताचा चौकोन, मागे गवताचा लांब पट्टा, आणि दोन्हींची काळजी माणसांपेक्षा जास्त. माझं मन मात्र दारात अडकलं. तिथे दरवाजालाच एक पितळी फट असते. पोस्टमन येतो, फटीतून पत्रं आत ढकलतो आणि ती थेट पायपुसण्यावर पडतात. बेल नाही, "पोस्ऽऽट" अशी आरोळी नाही, सही नाही. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहायची.

"सुमे, तू लंडन बघायला आलीयस की माझ्या दाराची फट?" कुंदा म्हणाली.

"अगं, त्याने आज शेजारच्यांचं पत्र आपल्यात टाकलंय. घर नंबर नीट वाचला नाही."

"मग? मी देईन की नंतर."

मला कुठला दम निघतो! मी स्वतः शेजारी जाऊन ते पत्र त्यांच्या फटीतून आत टाकलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बरं वाटलं.

इल्फर्ड

कुंदाने मला दोन गाड्या बदलून इल्फर्डला नेलं, कारण सायलीसाठी नारळ हवे होते. स्टेशनाबाहेर पडल्यावर अळूची पानं, कढीपत्ता, हळदीची ओली मुळं, सगळं रस्त्यावर मांडलेलं. मी नारळ कानाशी धरून हलवायला लागले तसा दुकानदार हसला. "आंटीजी, सब अच्छे हैं," म्हणाला. मी सात हलवून तीन घेतले. साउथहॅम्प्टनला फोडल्यावर त्यातला एक कुजका निघाला. चौतीस वर्षं पार्सलं हलवून आत काय आहे ते ओळखणाऱ्या बाईचा हा पराभव सायलीने अजूनही विसरलेला नाही. उरलेले दोन खवून मी फ्रीजरमध्ये ठेवून दिले. ते पुढे कामी यायचे होते.

साउथहॅम्प्टन

"आई, सॉरी गं, माझा ड्यूटीचा रोटा या वीकला हॉरिबल आहे," सायली म्हणाली. "तू रिलॅक्स कर. बाहेर पड, पण फार लांब नको जाऊस. आणि फोन कॅरी करत जा, प्लीज."

मी बाहेर पडले आणि फोन टेबलावरच राहिला.

गावाच्या मधोमध एक मोठं रान राखून ठेवलेलं आहे. त्याला कॉमन म्हणतात, म्हणजे ते सगळ्यांचं. ओक, बीच, नेच्याची झुडपं, मध्ये मध्ये तळी. पायवाटेने सरळ चालत गेले आणि पाऊण तासाने ज्या बाकापाशी निघाले होते तिथेच परत आले. दुसरी वाट धरली. पुन्हा तोच बाक. तिसऱ्यांदा बाक दिसला तेव्हा माझ्या पाठीतून थंड वारं गेलं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. याला चकवा लागणं म्हणतात. चकवा लागला की चालायचं थांबवून जागीच बसायचं. मी बसले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच वयाची एक बाई बसली होती. पांढरे आखूड केस, पायात रबरी बूट, हातात बदकांसाठी आणलेली धान्याची पिशवी.

"तुम्ही तिसऱ्यांदा आलात," ती म्हणाली. तिचं इंग्रजी इंग्रजांचं नव्हतं. शब्द माझ्यासारखेच एकेक उचलून ठेवत होती.

मी ऑफिसातल्या इंग्रजीत तिला चकवा समजावून सांगितला. रानात एक अदृश्य काहीतरी असतं, ते माणसाला गोल गोल फिरवतं. इंग्रज बाई असती तर हवेबद्दल काहीतरी बोलून उठून गेली असती. ही मात्र वळून नीट बसली.

"आमच्याकडे रानात एक मूळ असतं. त्याच्यावर पाय पडला की वाट हरवते," ती म्हणाली. "तुम्ही तो स्वेटर काढा आणि उलटा घाला."

"काय?"

"आतली बाजू बाहेर. मग वाट सापडते."

मी तिथेच बाकापाशी, लेकीने घेऊन दिलेला नवा कार्डिगन उलटा घातला. शिवणी बाहेर, लेबल मानेवर. ती माझ्याबरोबर चालू लागली आणि पाच मिनिटांत आम्ही फाटकाबाहेर होतो. अर्थात तिला वाट पाठच होती. पण चकवा सुटला तो सुटला, आणि त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

तिचं नाव मिलेना. सायलीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. चेकोस्लोव्हाकियात रशियन रणगाडे शिरले त्या साली वयाच्या विशी-बाविशीत घर सोडून निघाली आणि इथे येऊन नर्स झाली. लग्न केलं नाही. मागे राहिला तो धाकटा भाऊ यान. तो खेड्यातल्या एका मोठ्या तळ्यावर मासे राखायचा आणि जन्मभर तिथेच राहिला.

मिलेनाचं स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी तिने चहाला बोलावलं. चहाबरोबर आलुबुखाराचे गोळे होते. पिठाच्या पारीत अख्खं फळ भरून उकडलेले, वर वाटलेली खसखस, साखर आणि वितळवलेलं लोणी. मी पहिला घास घेतला आणि पाहतच राहिले. उकड, गोड सारण, वर तुपाची धार. मोदकच की! फक्त कळ्या नव्हत्या. मी तसं म्हटल्यावर तिने कळ्या म्हणजे काय ते विचारलं, आणि पुढच्या खेपेला मी तिला मैद्याच्या पारीला अकरा कळ्या पाडून दाखवल्या. तिच्या तीनच पडल्या.

खाऊन झाल्यावर आपल्या सवयीने मी कप विसळले आणि निथळायला पालथे घातले. मिलेना उठली आणि तिने एकेक कप उलटून सरळ ठेवला.

"माफ करा," ती म्हणाली, "या घरात कप पालथा राहत नाही."

मग तिने खोकं काढलं. बुटांचं, पांढऱ्या दोरीने बांधलेलं. आत पाकिटं उभी लावलेली, अगदी आमच्या वर्गवारीच्या खणासारखी. सगळी यानची पत्रं. जुन्या राजवटीतल्या पाकिटांच्या कडा सरकारने फोडून परत चिकटवलेल्या. पुढे राजवट गेली, आणि त्यानंतरच्या पाकिटांवर भुतं.

त्यांच्याकडे लोककथांतल्या भयानक प्राण्यांची तिकिटं निघाली होती. यानने ती भरपूर घेऊन ठेवली आणि बहिणीला प्रत्येक पत्र एकेका भुताच्या हाती पाठवलं. लहानपणी तो तिला याच भुतांनी घाबरवायचा. धाकटा असून घाबरवायचा तोच.

"ही बघ येझीबाबा." कोंबडीच्या पायावर उभ्या असलेल्या झोपडीच्या दारात एक नाकाडी म्हातारी. "ही दुपारची बाई. शेतात भर बारा वाजता येते, पोरं उचलून नेते."

"आमच्याकडेही भर बाराला आंब्याखाली जाऊ देत नाहीत," मी म्हटलं.

"हा रानातला ओरड्या. त्याने हाक मारली आणि तू ओ दिलीस की पाठीवर बसतो."

"आम्ही तिसरी हाक येईपर्यंत ओ देत नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते."

तिने हे आपल्या भाषेत एका कागदावर लिहून घेतलं. मीही डायरी आणि पेन काढून तिची भुतं उतरवून घेऊ लागले. आम्ही दोन म्हाताऱ्या, एक मोदकवाली आणि एक गोळेवाली, भुतांची देवाणघेवाण करत संध्याकाळपर्यंत बसलो. असं आठवडाभर चाललं. मी परदेशात आहे याचा मला त्या ओट्याशी विसर पडायचा, आणि इतक्या लांब येऊन कोणाच्या घरी असा विसर पडावा यासारखं दुसरं सुख नाही.

सगळ्यांत जास्त पाकिटांवर होता तो पाण्यातला, पाणभूतच म्हणा. हिरवा, लांब केसांचा, कोटाच्या टोकातून सतत पाणी ठिबकणारा. तळ्याच्या तळाशी राहतो. जो बुडतो त्याचा जीव तो पालथ्या कपाखाली कोंडून ठेवतो. त्याच्या घरात असे कप ओळीने मांडलेले असतात.

"आमच्याकडे त्याला गिऱ्हा म्हणतात," मी म्हटलं. "खाडीत असतो. कपाचं मात्र ऐकलं नव्हतं."

"यान म्हणायचा, आमच्या तळ्यात तो आहे. मी घर सोडून निघेपर्यंत कधी तळ्यात पाय घातला नाही."

कप सरळ का ठेवायचे ते तेव्हा मला कळलं. पुढचं कळलं ते मी माझ्या हातांनी घोळ घातल्यावर.

दोन तिरप्या रेघा

त्या दिवशी मिलेना चहा गाळायला गेली होती. माझ्या एका हातात पेन, दुसऱ्या हाताने मी खोक्यातली पाकिटं पुढून मागे चाळत होते. सगळ्यांत शेवटचं पाकीट वर काढलं. पाणभुताचंच तिकीट. कोरं करकरीत, त्यावर ठप्पाच पडलेला नाही.

आता टपाल खात्याच्या बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. तिकिटावर ठप्पा पडला की ते बाद होतं, पुन्हा वापरता येत नाही. पण कधी कधी ठप्पा चुकतो. असं पत्र वाटपाच्या पोस्टात आलं की तिथल्या माणसाने पेनने दोन तिरप्या रेघा मारून तिकीट बाद करायचं. मी त्यावर आखूड सहीसुद्धा करायची. दिवसाला अशी पाच-सात पत्रं, चौतीस वर्षं. त्याला विचार करावा लागत नाही. पापणी लवते तसा हात चालतो.

माझा हात चालला. दोन तिरप्या रेघा पाणभुताच्या तोंडावरून, आणि खाली सही.

मिलेना कप घेऊन दारात उभी होती. तिने कप ओट्यावर ठेवले, माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि ती खुर्चीत बसली. तेव्हाच मला दिसलं की ते पाकीट कधी फोडलेलंच नव्हतं.

"हे त्याचं शेवटचं," ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी यान इंग्लंडला यायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा. तिने खोली रंगवली, रजा काढली. आणि एका रविवारी त्याने फोनवर सांगितलं, मी येत नाही, मला तळं सोडवत नाही. मिलेना संतापली. तीस-पस्तीस वर्षं साठवलेलं सगळं बाहेर पडलं. शेवटी म्हणाली, तर मग त्या तळ्यातच मर. आणि फोन आपटला.

"सहाव्या दिवशी तो तळ्याच्या बांधावर पडला. हार्ट. शेजाऱ्याने फोन केला. हे पत्र त्यानंतर आलं."

मी पेनाला टोपण लावलं.

"भांडणाच्या आधी लिहिलंय की नंतर, मला ठाऊक नाही. आधीचं असेल तर माझे शब्द तसेच राहिले, त्याला उत्तर नाही. नंतरचं असेल तर त्याने काहीतरी उत्तर दिलंय. मला दोन्हींची भीती वाटते. पण शिक्का नव्हता, तारीख नव्हती. म्हणून मी म्हणायची, हे अजून वाटेत आहे." तिने माझ्या रेघांवरून बोट फिरवलं. "तू ते पोचवलंस."

तिने ओरडायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, "आज तू घरी गेलीस तर बरं," आणि माझा कोट आणून दिला.

सायली ऐकून कपाळाला हात लावून बसली. "आई! लोकांच्या पर्सनल पेपर्सवर तू साइन केलीस? इथे लोक किती प्रायव्हेट असतात! आता एक सॉरी कार्ड टाक आणि लीव्ह इट, प्लीज."

तिथे प्रत्येक गोष्टीला कार्ड मिळतं. बरे व्हा, वाईट वाटलं, आभारी आहे, माफ करा. दुकानात माफीची कार्डं वेगळ्या कप्प्यात लावलेली होती. एकावर मान खाली घातलेलं अस्वल होतं. मी ते घेतलं, घरी आणून पुढ्यात ठेवलं आणि मला काही लिहिता येईना. दोन दिवस असे गेले. परत यायला चारच दिवस उरले होते. लाज तर वाटत होतीच, पण तिच्याखाली आणखी काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सायलीच्या दारातून एक पत्र आत पडलं. मी उचललं आणि सवयीने आधी पाठ बघितली. आपल्याकडे पोचल्याचा शिक्का पाठीवर असतो, म्हणून पत्र हातात आलं की आम्ही आधी पाठ बघतो. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मिलेनाच्या पत्राची मी पाठ बघितलीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा पाठ न बघता मी पत्रावर सही केली होती.

पाठ

फ्रीजरमधला नारळ काढला, वड्या थापल्या आणि गरम डबा घेऊन तिच्या दारात उभी राहिले. अस्वलाचं कार्ड घरीच राहिलं. आपल्याकडे चूक झाली की माणूस स्वतः जातं, आणि रिकाम्या हाताने जात नाही.

मिलेनाने दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"मी चुकले," मी म्हटलं. "माफी मागायला आलेय. आणि मला त्या पत्राची पाठ बघायची आहे. एकदाच. मग मी जाईन."

"पाठीवर काही नाही. फक्त त्याच्या ग्लासाचा डाग आहे. तो प्यायला बसला की ग्लास कशावरही ठेवायचा."

"केवढा ग्लास?"

तिने बोटांनी दाखवला. आलुबुखाराची दारू पितात तो एवढासा, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. तेवढ्या गोलाचं दुसरं काय असतं ते मला जन्मभराचं ठाऊक होतं.

"मिलेना, साखळी काढ."

तिने काढली. खिडकीपाशी गेलो. पाकिटाच्या पाठीवर उजव्या कोपऱ्यात एक पुसट गोल होता, शाई जवळजवळ नाहीच, नुसता कागद दबलेला. खेड्यातल्या पोस्टात एकटा माणूस असतो. गठ्ठ्यातलं एखादं पत्र उलटं राहतं, ठप्पा पाठीवर बसतो. त्यात शाईची गादी सुकलेली. माझ्या पोस्टात पावसाळा सोडला तर कायम सुकलेली असायची. असे ठप्पे कसे वाचायचे ते आमच्या जुन्या हेडक्लार्कबाईंनी मला शिकवलं होतं. पाकीट डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरायचं, उजेड एका कडेने येऊ द्यायचा आणि श्वास रोखून सावकाश फिरवायचं.

मी फिरवलं. आधी गावाच्या नावातली दोन अक्षरं उठली. मग मधली ओळ.

"ग्लासाच्या डागात आकडे नसतात," मी म्हटलं. "इथे एक आहे. त्याच्यापुढे सात. सतरा."

मिलेनाने ओट्याची कड घट्ट धरली.

"रविवार चौदा होता," ती म्हणाली.

"मग हे बुधवारी टाकलंय. तुझा फोन झाल्यावर तीन दिवसांनी."

"चुकत तर नाहीस?"

"मी कोकणातली पोस्टमास्तर आहे. नारळ चुकेन. तारीख चुकणार नाही."

तिने ओट्याची कड सोडली. मग तिने खणातून भाजी चिरायची सुरी काढली, पाकिटाची वरची कड सरळ कापली, तिकिटाला जराही धक्का न लावता. आतून एक घडी केलेला कागद निघाला आणि त्यातून एक लहानसा फोटो ओट्यावर पडला. पासपोर्टला लावतात तसा. ओले करून चापून बसवलेले केस, कान बाहेर आलेले, गळ्यात आवळलेला टाय, आणि फोटोवाल्याने गोळी घालायचं ठरवलंय अशी नजर.

कागदावर फार मजकूर नव्हता. मिलेनाने आधी स्वतः वाचला, मग मला एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगितला. तू चिडलीस ते बरोबर होतं. आज तालुक्याला जाऊन पासपोर्टचा फोटो काढला. तळं महिनाभर शेजारी बघेल. घाबरलोय, पण येतो. खाली एक ओळ वेगळी लिहिलेली होती. ती तिने बोट ठेवून वाचून दाखवली. "तिकिटावरचा आणि फोटोतला, दोघांत जास्त भयानक कोण? ते कळव, मग निघतो."

मिलेना हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि मग दोन्ही एकदम. मी तिला धरलं. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लाज जाऊन मन हलकं झालं होतं. ते तसं होण्याचा मला काही अधिकार नव्हता. चूक माझीच होती. पण तिने मला ती चूक घेऊन परत घरात घेतलं, यासाठी तिचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचलेलं नाही.

नारळाच्या वड्या तिने सात खाल्ल्या. मी निघताना ती म्हणाली, "मी गेले नव्हते. त्याला पोचवायला. कुठल्या तोंडाने जाणार होते?"

चिपळूण

मी परत आले. आंबे संपले होते, ह्यांनी फणसाचे गरे राखून ठेवले होते. ह्यांना मी सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, "म्हणजे परदेशात जाऊनही तू ड्यूटीच केलीस." आमच्या घरात आता कप पालथे घालत नाहीत. त्यात पाणी साचतं म्हणून ह्यांची रोज कुरकुर असते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

गणपतीच्या थोडं आधी पोस्टमन दारात आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे अजूनही अदबीने पत्र दोन्ही हातांनी देतो. "मॅडम, फॉरीन," म्हणाला. पण वर इंग्लंडची राणी नव्हती. हिरवा, ओल्या केसांचा, कोटातून पाणी गाळणारा आमचा ओळखीचा होता. पत्र यानच्या गावाहून आलं होतं.

मिलेनाने लिहिलं होतं की ती तळ्यावर गेली. बांधावर उभी राहिली. आधी मनात बोलणार होती, पण मनातलं तळ्याच्या तळापर्यंत पोचेल याची तिला खात्री वाटेना. म्हणून यानचा फोटो हातात धरून ती जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडली, "तू! तूच जास्त भयानक!" समोरच्या काठावर एक माणूस गळ टाकून बसला होता, तो सगळं सामान तिथेच टाकून पळाला. आणि मग तिने बूट काढले आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन बराच वेळ उभी राहिली.

खाली आणखी एक ओळ होती. "हे पत्र मी पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून टाकलं. त्या पोराला म्हटलं, गादीला शाई लाव आणि ठप्पा माझ्यासमोर मार."

मी पाकीट उलटून आधी पाठ बघितली, मग पुन्हा सुलटं केलं. पाणभुताच्या तोंडावर काळा गोल बरोबर बसला होता, आणि त्यातली तारीख चष्म्याशिवाय वाचता येत होती.